परिचर्येचा पाया शाळेतच

दहावीचा निकाल लागला की महाराष्ट्रातील लाखो घरांत आठवड्याभरात एक निर्णय घेतला जातो, आणि तो बहुधा घाईने घेतला जातो. २०२५ पासून अकरावीची केंद्रीय प्रवेशपद्धती साऱ्या राज्याला लागू झाल्यामुळे आता खेड्यातल्या मुलीलाही शाखेची आणि महाविद्यालयांच्या पसंतीक्रमाची नोंद संगणकावर करावी लागते. हा अर्ज पुष्कळदा तालुक्याच्या बाजारपेठेतील एखाद्या सेवा केंद्रात, पाठीमागे रांग खोळंबलेली असताना, केंद्रचालकाच्या सल्ल्याने भरला जातो. त्या गृहस्थाचा हेतू वाईट नसतो. पण एवढ्या मुलांचा व्यवसायमार्गदर्शक आपण कधी झालो, हे त्याला ठाऊक नाही आणि शिक्षण खात्यालाही ठाऊक नाही. शाखेच्या त्या एका रकान्याने ज्या व्यवसायांची दारे उघडतात किंवा मिटतात, त्यांत परिचर्येचा, म्हणजे नर्सिंगचा, व्यवसाय अग्रभागी आहे. डॉक्टर किंवा अभियंता होऊ इच्छिणाऱ्या मुलाला कोणते विषय घ्यावेत हे सांगणारे दहाजण घराबाहेर उभे असतात. ‘मला नर्स व्हायचे आहे’ असे म्हणणाऱ्या मुलीला मात्र ‘मग काहीही घे, चालते’ असे सांगितले जाते. ते चालत नाही.

नियम तसे गुंतागुंतीचे नाहीत. भारतीय परिचर्या परिषदेने ठरविल्याप्रमाणे चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंग पदवीसाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय असावे लागतात, आणि खुल्या गटातील विद्यार्थ्याला तिन्ही शास्त्रविषयांत मिळून किमान ४५ टक्के गुण लागतात. तीन वर्षांच्या जी.एन.एम. पदविकेला इतर शाखांतील विद्यार्थी चालतात. मात्र प्राधान्य विज्ञानाला असते, इंग्रजी उत्तीर्ण व्हावे लागते आणि गुणांची अट ४० टक्क्यांची आहे. दोन वर्षांच्या ए.एन.एम. अभ्यासक्रमालाही आता बारावी आवश्यक आहे. शिवाय पदवीच्या प्रवेशासाठी महाराष्ट्रात स्वतंत्र सामायिक परीक्षा द्यावी लागते आणि तीत तीन शास्त्रे, इंग्रजी व या व्यवसायाचा कल अशा सर्व अंगांची परीक्षा होते. संसदेने २०२३ मध्ये संमत केलेल्या राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाच्या कायद्यातही सामायिक प्रवेश परीक्षेची तरतूद आहे. तेव्हा प्रवेशाचा हा मार्ग पुढे अधिक काटेकोर होईल, सैल होणार नाही.

याचा अर्थ, अकरावीला कला शाखा घेतलेल्या मुलीला पदवीचा सरळ रस्ता बंद होतो. तो कायमचा बंद होतो असे नव्हे. तिने आधी जी.एन.एम. पूर्ण करावे, परिषदेकडे नोंदणी करावी आणि मग दोन वर्षांचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. अभ्यासक्रम करावा, असा वळसा आहे. ज्या घराला एकेक वर्षाची फी जड जाते त्या घराला हा वळसा परवडतोच असे नाही. त्याहून चमत्कारिक अवस्था विज्ञान शाखेत राहूनही जीवशास्त्र सोडणाऱ्याची होते. गुण चांगले पडावेत म्हणून कोणी तरी संगणकशास्त्र किंवा इलेक्ट्रॉनिक्स घ्यावयास सांगतो, जीवशास्त्र गळते, आणि बारावीनंतर विज्ञानाचे प्रमाणपत्र हाती असूनही हा विद्यार्थी परिचर्या महाविद्यालयाच्या दारातून परत फिरतो. जेथे गावच्या कनिष्ठ महाविद्यालयात फक्त कला शाखाच आहे, तेथे तर मुलीने निवड केली असे म्हणणेही तिची थट्टा करण्यासारखे आहे.

तथापि विषयांची निवड हा या प्रश्नाचा केवळ उंबरठा झाला. खरा प्रश्न असा आहे की, परिचर्येसाठी पूर्वतयारी लागते ही कल्पनाच आपल्या शिक्षणव्यवस्थेला आणि मध्यमवर्गाला मान्य नाही. आजाऱ्याची सेवा करणे हा स्त्रीचा स्वभाव आहे आणि स्वभावाला शिकवणी कशाला, असा एक समज मनात खोल रुतलेला आहे. आजीचे पाय चेपणारी, आजोबांना वेळेवर गोळी देणारी मुलगी दिसली की ‘ही चांगली नर्स होईल’ असे कौतुकाने म्हटले जाते. त्या मुलीला गणितात किती गुण पडतात, हे विचारण्याचे कोणालाही सुचत नाही. दुसऱ्या बाजूने, वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेत अपेक्षित गुण मिळाले नाहीत म्हणून नाइलाजाने इकडे वळणारे विद्यार्थी असतात. एकीकडे स्वभाव आणि दुसरीकडे नाइलाज. या दोहोंमध्ये हे एक स्वतंत्र शास्त्र आहे व त्याची आवड लहानपणापासून जोपासता येते, या विचाराला जागाच उरलेली नाही.

या व्यवसायाची मराठी मुलखातील सुरुवात मात्र नाइलाजाची नव्हती. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले रोग्यांच्या शुश्रूषेत उतरल्या, एका आजारी मुलाला त्यांनी स्वतः दवाखान्यात पोहोचविले आणि त्याच रोगाने १० मार्च रोजी त्यांचा अंत झाला. पुढे रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुण्यात सेवासदन उभारले आणि त्या संस्थेने ससून रुग्णालयात परिचर्येच्या शिक्षणासाठी मुली पाठविण्यास सुरुवात केली. त्यांत विधवांचाही समावेश होता. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणे, कोणत्याही जातीच्या रोग्याचे मलमूत्र काढणे, रात्री घराबाहेर राहणे, यांपैकी एकही गोष्ट त्या काळच्या पांढरपेशा घराला सहज पचणारी नव्हती. तरीही त्या मुली गेल्या, शिकल्या आणि स्वतःच्या मिळकतीवर उभ्या राहिल्या. मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाने १९६४ मध्ये परिचर्या महाविद्यालय काढून या शिक्षणाला विद्यापीठाच्या पदवीचा मान दिला. एवढा वारसा असूनही शहरी मराठी मध्यमवर्गाने आपल्या मुली या क्षेत्रात फारशा पाठविल्या नाहीत. मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांत दशकानुदशके केरळातून आलेल्या मुलींनी रात्रपाळ्या केल्या, त्यांच्या शिस्तीचे आणि हसतमुखपणाचे आपल्याकडे तोंडभर कौतुक झाले, आणि कौतुक करणाऱ्याने स्वतःच्या मुलीला बँकेच्या परीक्षेला बसविले. केरळातील कुटुंबांनी मुलीच्या परिचर्या शिक्षणाकडे घर वर काढणारी गुंतवणूक म्हणून पाहिले; आपल्याकडे ती तडजोड मानली गेली. आज मराठवाडा-विदर्भातील शेतकरी आणि शेतमजूर कुटुंबांतील मुली मोठ्या संख्येने या शिक्षणाकडे वळत आहेत. त्यांना पाठबळ द्यावयाचे तर ते दहावीच्या आधी द्यावे लागेल, कारण घरात विचारावे असे कोणी नसते. जे काही कळायचे ते शाळेतच कळते.

परिचर्या म्हणजे नेमके कोणते ज्ञान, हे एका दुःखद उदाहरणावरून स्पष्ट व्हावे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी एका सफाई कर्मचाऱ्याने अमानुष हल्ला केला. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत, म्हणजे चार दशकांहून अधिक काळ, त्या अंथरुणाला खिळून होत्या आणि त्या रुग्णालयातील परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांना सांभाळले. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी दयामरणाच्या याचिकेवर निकाल देताना या परिचारिकांचा आवर्जून गौरव केला. त्या प्रकरणात एक बाब पुढे आली: इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर बेडसोअर, म्हणजे अंथरुणाने होणारी जखम, एकदाही झाली नाही. वर्तमानपत्रांनी या गोष्टीला मायेचे प्रतीक म्हटले आणि ती माया होतीच. पण नुसत्या मायेने जखम टळत नाही. सतत एका जागी दाब पडला की तेथील कातडीचा रक्तपुरवठा तुटतो. म्हणून रोग्याला साधारणपणे दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, कातडी कोरडी ठेवावी लागते, हाडे टेकतात त्या जागा रोज तपासाव्या लागतात, अन्नातील प्रथिनांकडे लक्ष द्यावे लागते आणि हे सारे पुढच्या पाळीला कळेल असे लिहून ठेवावे लागते. शरीरशास्त्र, पोषण, निरीक्षण आणि नोंद या चार गोष्टी रोज, न चुकता, वर्षानुवर्षे केल्या तर त्याला परिचर्या म्हणतात. यांतली एकही गोष्ट रक्तातून येत नाही.

आता या चार गोष्टींची मुळे शाळेच्या कोणत्या तासाला रुजतात ते पाहावे. आधी गणिताचा तास. सलाइनची ५०० मिलिलिटरची बाटली आठ तासांत द्यावयाची आहे आणि नळीतून एका मिलिलिटरला २० थेंब पडतात, तर मिनिटाला किती थेंब सोडावेत? एकूण थेंब १०,०००. आठ तासांची मिनिटे ४८०. उत्तर सुमारे २१. हे त्रैराशिक सातवी-आठवीच्या मुलाला यावे असे आहे. शाळेत ते मजूर आणि भिंतीच्या उदाहरणांतून शिकविले जाते, गुण मिळविण्यापुरते येते आणि सुटते. रुग्णालयात मात्र हेच गणित रात्री तीन वाजता, पलीकडल्या खाटेवरून कोणी हाका मारीत असताना, तोंडी करावयाचे असते. दशांश चिन्ह एक घर सरकले तर मात्रा दसपट होते. लहान मुलांच्या कक्षात दसपट मात्रेचा अर्थ काय, हे सांगावयास नको. इन्शुलिनचे उदाहरण तर प्रत्येक घराच्या ओळखीचे आहे. आपल्या बाजारात एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेले आणि १०० युनिट असलेले असे दोन्ही प्रकारचे इन्शुलिन मिळते आणि दोहोंच्या सिरिंजा वेगळ्या असतात. शंभराचे इन्शुलिन चाळिसाच्या सिरिंजेत खुणेप्रमाणे भरले तर रोग्याच्या अंगात अडीचपट औषध जाते. ज्या मुलीला गुणोत्तर म्हणजे काय हे खरोखर समजले आहे तिला हे एकदा सांगितले की पुरते. जिने ते पाठ केले आहे तिला दहादा सांगूनही धोका राहतोच. म्हणून ‘नर्स व्हायचे तर गणित कच्चे असले तरी चालेल’ हा सल्ला चुकीचा तर आहेच, पण घातकही आहे. आधुनिक परिचर्येची जनक मानली जाणारी फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिने तरुणपणी हट्ट धरला होता तो गणित शिकण्याचा. आणि क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी अधिक मेले, हे तिने १८५८ मध्ये ब्रिटिश सरकारला दाखविले ते अश्रू ढाळून नव्हे, तर आकड्यांच्या आकृत्या काढून. आपल्या पाठ्यपुस्तकांनी तिच्या हातातला दिवा घेतला आणि आकृत्या सोडून दिल्या.

इंग्रजीचे गाऱ्हाणे जुनेच आहे, पण येथे त्याचे स्वरूप निराळे आहे. परिचारिकेला शेक्सपिअर लागत नाही आणि अस्खलित संभाषणही पहिल्या दिवशी लागत नाही. तिला लागते ती अचूक वाचनाची आणि अचूक लेखनाची सवय. पदवीच्या पहिल्याच वर्षी शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन, मानसशास्त्र हे सारे इंग्रजीतून समोर येते. बारावीपर्यंत विज्ञान इंग्रजीतून शिकलेल्या विद्यार्थ्यालाही ते जड जाते. मराठी माध्यमातून दहावी आणि कला शाखेतून बारावी केलेली हुशार मुलगी जी.एन.एम.च्या वर्गात पहिले सहा महिने केवळ शब्दांशी झुंजते, आणि विषय समजत नाही म्हणून नव्हे तर शब्द समजत नाहीत म्हणून मागे पडते. यावर उपाय मराठी शाळा बंद करणे हा नव्हे. आठवीपासून विज्ञानाच्या प्रत्येक पाठातील पंधरा-वीस संज्ञा मराठी व इंग्रजी अशा जोडीने लिहून घेतल्या तर दहावीपर्यंत त्या मुलीकडे शेकडो शब्दांचा संग्रह होतो. फुप्फुस, मूत्रपिंड, धमनी, नीला हे शब्द तिला मराठीत पक्के ठाऊक असतात. दुसरे नाव शिकावयास एक ओळ लागते. कित्येक चांगले शिक्षक हे आजही करीत आहेत. आणि उलट बाजूही विसरता कामा नये. रोग्याशी बोलावयाचे ते मराठीत, तेही त्याच्या बोलीत. ‘छातीत कळ येते’, ‘पोटात डचमळते’, ‘अंग मोडून आलंय’, ‘डोळ्यापुढं अंधारी येते’ या प्रत्येक वाक्यामागे वेगळे लक्षण आहे. ते ऐकून योग्य इंग्रजी शब्दात नोंदविणारी परिचारिका हीच खेड्यातील रोगी आणि शहरात शिकलेला डॉक्टर यांच्यामधील दुभाषी असते. मराठी माध्यमातील मुलीकडे या कामाची अर्धी पात्रता जन्मतःच आहे, हे तिला कोणी तरी सांगावयास हवे.

सर्वांत अवघड गोष्ट निराळीच आहे आणि ती शाळेच्या प्रयोगशाळेत घडते, किंवा अधिक खरे सांगावयाचे तर, घडत नाही. आपल्या बहुसंख्य शाळांत विज्ञानाची प्रयोगवही ही उतरवून काढण्याची वस्तू आहे. आदल्या वर्षीच्या हुशार मुलीची वही घ्यावयाची, तिची वाचने आपल्या वहीत उतरवावयाची, आकृत्यांना रंग द्यावयाचे आणि सही घ्यावयाची. प्रयोग झाला काय, न झाला काय. वाचन मात्र नेहमी बरोबर असते. शिक्षकाला हे माहीत असते, मुख्याध्यापकाला माहीत असते आणि तपासणीसालाही माहीत असते. गुण मिळतात. कोणाचे काही बिघडत नाही, असे सर्वांना वाटते. यातील एखादी मुलगी सहा वर्षांनी पांढऱ्या गणवेशात एखाद्या वॉर्डात उभी राहते. तिच्या हातात तक्ता असतो. चाळीस रोग्यांचे तापमान, नाडी, श्वसन आणि रक्तदाब मोजून लिहावयाचा असतो आणि हाताशी वेळ थोडा असतो. अशा वेळी खाली सरळ एका ओळीत ‘नाडी ७२, श्वसन १८’ असे लिहीत जाण्याचा मोह होतो. ज्याला न मोजता लिहिण्याची सवय शाळेने लावली आणि वर गुणही दिले, त्याला हा मोह आवरणे कठीण. आणि एखाद्या खाटेवरील रोग्याचा श्वास त्या वेळी मिनिटाला २८ झालेला असतो. तब्येत ढासळत असल्याची ती पहिली सूचना. तक्त्यावर ती येत नाही, डॉक्टर तक्ता पाहून पुढे जातो. प्रयोगवहीतील खोटे वाचन आणि मृत्यूच्या दाखल्यावरील नोंद यांच्यामध्ये असे एक सरळ अंतर असू शकते. शिक्षकवर्गाला हे कठोर वाटेल. परंतु विद्यार्थ्याने उत्तर चुकीचे आले तरी जे दिसले तेच लिहावे, आणि तसे लिहिल्याबद्दल त्याचे गुण कापले जाऊ नयेत, एवढी एक गोष्ट शाळेने केली तरी परिचर्येच्या पूर्वतयारीचा निम्मा भाग झाला. वर्गातील प्रत्येक मुलाने महिनाभर स्वतःची नाडी मोजून खरी नोंद ठेवावी, यास प्रयोगशाळाही लागत नाही. सेकंदकाटा असलेले घड्याळ लागते.

शरीराविषयीचा संकोच ही दुसरी अडचण. दहावीच्या विज्ञानातील प्रजननाचा भाग ‘घरी वाचा’ म्हणून सोडून देणारे वर्ग आजही आहेत. ज्या मुलामुलींनी शरीराचे भाग वर्गात नावाने कधी उच्चारले नाहीत, त्यांनी तीन वर्षांनी प्रसूतिकक्षात किंवा मूत्रनलिका घालताना निःसंकोच आणि तरीही रोग्याची लाज राखून वागावे, अशी अपेक्षा धरली जाते. मुंबईतील कामा रुग्णालयावर २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहशतवादी चालून आले तेव्हा परिचारिका अंजली कुलथे यांनी वीस गर्भवती स्त्रियांना एका लहानशा खोलीत सुरक्षित हलविले, आणि त्याच गदारोळात प्रसूतिवेदना सुरू झालेल्या एकीला प्रसूतिकक्षापर्यंत पोहोचविले. त्यांच्या धैर्याची योग्य ती वाखाणणी झाली. पुढे त्यांनी न्यायालयात साक्ष दिली आणि २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढेही आपला अनुभव मांडला. परंतु त्या रात्री गोळ्यांच्या आवाजातही कोणत्या बाईला आधी हलवावयाचे याचा जो निर्णय झाला, तो नुसत्या धैर्याचा नव्हता. त्यामागे शरीराचे ज्ञान होते आणि ते ज्ञान वापरताना न बिचकणारे मन होते.

मुलगे या चर्चेत कोठे येतात? बहुतेक शाळांत ते येतच नाहीत. ‘परिचारिका’ हा शब्दच त्यांना दाराबाहेर उभा करतो. वास्तविक रुग्णालयात ‘ब्रदर’ ही हाक आता सर्वपरिचित आहे, आणि केंद्राच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थांमध्ये परिचर्या अधिकाऱ्यांची २० टक्के पदे पुरुषांना मिळतात. अस्थिरुग्णांच्या, मनोरुग्णांच्या आणि अतिदक्षता विभागांत त्यांची गरज किती आहे, हे तेथील कोणीही सांगेल. मुलींच्या शाळेत मार्गदर्शनाचे एखादे व्याख्यान तरी होते. मुलग्यांच्या वर्गात हा विषय निघाला तर हशा पिकतो.

येथे एक आक्षेप रास्तपणे घेतला जाईल. ज्या व्यवसायात खाजगी रुग्णालये इतका तुटपुंजा पगार देतात, त्याकडे शिक्षकांनी चौदा वर्षांच्या मुलांना वळवावे काय? हा आक्षेप गंभीर आहे आणि सेवाभावाची प्रवचने हे त्याचे उत्तर नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०१६ रोजी या प्रश्नात लक्ष घातल्यावर केंद्राने नेमलेल्या समितीने शिफारस केली की, पन्नासहून कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयातही परिचारिकेला दरमहा २०,००० रुपयांपेक्षा कमी वेतन असू नये आणि दोनशेहून अधिक खाटांच्या रुग्णालयात ते राज्य सरकारी वेतनाच्या बरोबरीचे असावे. त्या शिफारशी सर्वत्र अमलात आल्या असत्या तर हा परिच्छेद लिहावा लागला नसता. २२ मार्च २०२० रोजी देशाने थाळ्या वाजवून आरोग्य कर्मचाऱ्यांचे आभार मानले आणि त्याच दिवसांत रुग्णालयातून घरी परतणाऱ्या परिचारिकांना घरमालकांनी जागा सोडावयास सांगितल्याच्या बातम्याही छापून आल्या. शाळेने मुलांना हे सारे सांगितले पाहिजे: सरकारी सेवेतील वेतन बरे आहे पण जागा मोजक्या आहेत, खाजगीत ते पुष्कळदा अपुरे आहे, रात्रपाळी चुकत नाही, परिषदेच्या निकषाप्रमाणे सर्वसाधारण वॉर्डात पाच रोग्यांमागे एक परिचारिका असावी पण प्रत्यक्षात तिच्या वाट्याला कितीतरी अधिक येतात. आणि हेही सांगितले पाहिजे की पदवी, इंग्रजी व अनुभव हाती असेल तर आखातापासून जर्मनीपर्यंत या शिक्षणाला मागणी आहे. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा जो करार केला, त्यात या क्षेत्राचा विचार आहे. ज्याची तयारी कच्ची, तो कमी पगाराच्या दवाखान्यात अडकून पडतो. सौदा करण्याची ताकद तयारीतून येते.

याच अज्ञानावर एक मोठा व्यापार उभा आहे. तालुक्या-तालुक्यांतून ‘सहा महिन्यांत नर्सिंग’, ‘दहावी नापासांनाही प्रवेश’ अशा पाट्या दिसतात. तेथे मिळणाऱ्या कागदावर परिचर्या परिषदेकडे नोंदणी होत नाही, आणि नोंदणी नसलेली व्यक्ती कायद्याच्या दृष्टीने परिचारिका नव्हे. अशा मुली मग लहान दवाखान्यांत पांढरा कोट घालून इंजेक्शने देतात, अल्प पगारावर राबतात आणि काही बिघडले की सर्वांत आधी त्यांच्यावरच खापर फुटते. काही शाळांत नववीपासून आरोग्यसेवेचा जो व्यवसायविषय शिकविला जातो, तो चांगला आहे; पण तो रुग्णसाहाय्यकाच्या कामाची ओळख करून देतो, तो घेतला म्हणजे मुलगी नर्स झाली असे नव्हे, हे पालकांना स्वच्छ सांगावयास हवे. संस्था महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या मान्यताप्राप्त यादीत आहे काय, एवढा एक प्रश्न पैसे भरण्यापूर्वी विचारावयास शाळेने शिकविले तरी शेकडो घरांचे कर्ज वाचेल.

हे काम कोणी करावयाचे, असे विचारल्यास उत्तर शाळेपासून फार दूर नाही. अनेक जिल्हा रुग्णालयांना परिचर्या प्रशिक्षण केंद्र जोडलेले आहे आणि तेथील पाठ्यनिर्देशिका या विषयावर कोणत्याही समुपदेशकापेक्षा अधिक अधिकाराने बोलू शकतात. नववीच्या वर्गाने एक सकाळ त्या केंद्रात घालवावी. प्रशिक्षणार्थी पुतळ्यावर सराव कसा करतात, औषधाची मात्रा कशी मोजतात, तक्ता कसा भरतात हे पाहावे. आणि त्यांच्यापैकीच एखादीने, जी दोन वर्षांपूर्वी कुठल्या तरी जिल्हा परिषदेच्या शाळेत बसली होती, त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलावे. यासाठी नवे अनुदान नको, शासन निर्णय नको, समितीही नको. मुख्याध्यापकाने जिल्हा शल्यचिकित्सकांना एक पत्र लिहावे लागेल, आणि ते दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच लिहावे लागेल. कारण मे महिन्यात निकाल लागल्यावर मुलगी शाळेत येते ती केवळ दाखला नेण्यासाठी.